हिरव्या लुगड्याची चौकशी

कचेरीत माझं काम अर्जांवरच्या तारखा तपासायचं. तारीख उलटून गेलेला एकही अर्ज माझ्या टेबलावरून पुढे सरकलेला नाही, असं मी अजून छाती काढून सांगतो. आणि याच माणसानं एकदा पंधरा दिवस शिळी झालेली जाहिरात खिशात घेऊन, तिच्या भरवशावर, स्वतःच्या बायकोला बोलपट पाहायला नेलं.

त्या काळी नवा खेळ लागला की त्याची वर्दी टांग्यातून येई. पुढे ताशा, मागे क्लॅरिनेट, दोन्ही बाजूंना चित्रांच्या पाट्या, आणि मधे उभा राहून एक इसम गुलाबी कागद उधळायचा. आमच्या महाल भागातल्या गल्ल्या अशा, की टांगा एकदा आत शिरला की वळवायला अर्धा तास लागे. त्यामुळे कागद आमच्या वाट्याला भरपूर यायचे. त्यातला एक माझ्या टोपीवर येऊन बसला. एक कंजूष शेठ, त्याचे तीन जावई. तिघंही दिवाळसणाला येतात आणि जायचं नावच काढत नाहीत. खाली मोठ्या अक्षरांत 'पोट धरधरून हसा'. मी कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि विसरलो. मग एका शुक्रवारी चष्म्याचं घर शोधताना तो हाती लागला. त्यावर 'शनिवारपासून' असं छापलं होतं. कोणत्या शनिवारपासून, हे पाहण्याची बुद्धी काही मला झाली नाही.

"ऐकलं का," मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालो, "उद्या कचेरी अर्धी आहे. दुपारच्या खेळाला जाऊ. तीन जावयांची गंमत आहे म्हणे."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. सोळा महिने ती नाहीच म्हणत आली होती.

"बरं," ती म्हणाली, आणि लाटणं पुन्हा सुरू झालं.

या 'बरं'साठी मी काय काय खटपटी केल्या होत्या, ते सांगायला हवं. आमची चार वर्षांची मुलगी आधल्या वर्षी भाद्रपदात तापानं गेली. तेव्हा ती एकच होती. आज घरात धुडगूस घालणारी कार्टी सगळी नंतरची. ती गेली आणि मी मनाशी एक ठराव पास केला, की घरात तिचं नाव निघू द्यायचं नाही. नाव निघालं की बायको रडणार, आणि बायको रडायला लागली की आपण काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मला येत होते ते विनोद. तेच सुरू केले. साहेबाच्या मराठीची नक्कल, हेडक्लार्क तपकीर ओढून महत्त्वाच्या कागदावर कसा शिंकला ती हकिगत, असं रोज ताटावर काहीतरी वाढायचो. ती ऐकायची आणि ओठ थोडे ताणायची, बस. हळूहळू आमच्यात बोलणं उरलं ते "वाढू का?" "वाढ." "वांगी आणा." "आणतो." एवढंच. भांडण म्हणाल तर एक नाही. शेजारीपाजारी म्हणत, काय समजूतदार जोडपं आहे! मला मात्र त्या समजूतदारपणाची धडकी भरायची. वाटायचं, हे असंच चाललं तर एक दिवस ही बाई माझ्याकडे दारात आलेल्या पोस्टमनकडे पाहावं तशी पाहील. कागद घेईल आणि दार लावून घेईल. तीन जावयांनी तिला एकदा खळखळून हसवलं, की पुढचं आपोआप जमेल, अशी माझी समजूत.

शनिवारी टांगा करून बर्डीवरच्या थेटराशी गेलो. टांग्यात बायकांनी मागे बसायचं, पुरुषानं पुढे टांगेवाल्याजवळ, पाठीला पाठ लावून. म्हणजे सबंध रस्ता काही बोललं नाही तरी वावगं दिसत नाही. थेटरात बायकांचं दार वेगळं, बाजूच्या बोळातून. त्यांची बसायची जागा सगळ्यांत मागे, चार पायऱ्या उंच, आणि समोर हा भला मोठा पडदा. दिवे गेले की दारावरची बाई तो पडदा सरकवी, दिवे लागले की पुन्हा ओढून घेई. नवराबायकोनं एकच खेळ, एकाच वेळी, एकाच छपराखाली पाहायचा, पण एकमेकांना दिसायचं नाही, असा तो बंदोबस्त. मी बोळाच्या तोंडाशी तिच्या हातात तिकीट दिलं आणि माझ्या दारानं आत जाऊन बसलो.

माझ्या शेजारी नरखेडकडचे एक दणकट गृहस्थ होते. संत्र्याचे बगीचे होते त्यांचे, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन ते ऐसपैस बसले होते.

"तिन्ही जावई झकास काम करतात म्हणे," मी म्हटलं.

"कोणते जावई?"

"त्या शेठचे."

"तो खेळ गेला न गा, मागच्याच हप्त्यात. हा दुसरा हाय." त्यांनी शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. "रडाचा हाय. एक वकील हाय, त्याची बायको हाय, त्याईची पोरगी मरते. मंग दोघाईचं पटत नाही. लय मस्त हाय. मी तिसऱ्यांदा पाहून राहिलो."

मी उठायला आणि दिवे जायला एकच गाठ पडली. मागून कोणीतरी माझ्या कोटाची शेपटी ओढून मला खाली बसवलं.

अर्धा खेळ मी कसा पाहिला ते माझं मला माहीत. वकिलाचा बंगला होता, बंगल्यात पियानो होता, आणि घरात काही झालं की कोणीतरी त्या पियानोकडे धावायचं. पोरगी दोन रिबिनी बांधून बागेत नाचत होती. ती शिंकली की इकडे मी अर्धा उठून पुन्हा बसायचो. शेवटी शेजारच्यांना माझी दया आली.

"आत्ता नाही मरत," ते कानाशी लागून म्हणाले. "इंटरव्हल होऊ द्या."

म्हणजे मला इंटरव्हलपर्यंत मुदत होती. दिवे लागताच मी माणसं तुडवत बाहेर पडलो आणि बोळातून बायकांच्या दाराशी आलो. तिथं ती पडदा ओढणारी बाई उभी होती. कमरेला किल्ल्या, गालात तंबाखू.

"बाई, आमच्या घरच्यांना जरा बाहेर बोलावता का?"

"कोण घरचे?"

"म्हणजे... कुटुंब."

"अंदर अख्ख्या कोणाच्या न कोणाच्या कुटुंबच हायेत, बाप्पा. नाव सांग न."

आता आली का पंचाईत! बायकोचं नाव मी लग्नात एकदा घेतलं होतं, तेही चार बायकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर सगळा संसार 'ऐकलं का' या दोन शब्दांवर चालला होता. आणि इथं माझ्या मागे चहा प्यायला निघालेले आमच्याच कचेरीतले दोघं उभे. नाव घेतलं असतं तर सोमवारी अख्ख्या कचेरीनं माझी आरती केली असती.

"हिरवं लुगडं नेसल्या आहेत," मी म्हणालो.

"आन काहून बोलावलं म्हणू?"

घाईत मला दुसरं काही सुचेना. "म्हणावं, नवऱ्याचं पोट दुखतंय. ताबडतोब घरी जायचंय."

तिनं माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहून घेतलं, आत गेली, आणि भर बाजारात भाजीची टोपली उतरवल्यासारखी ओरडली, "हिरव्या लुगड्यावाली कोण हाय वं? तुह्या नवऱ्याचं पोट दुखून राहिलं! चाल, भाईर ये!"

तीन आल्या.

पहिली वयस्कर होती. तिनं मला आपादमस्तक पाहिलं, "हे आमचे नव्हेत," असं जाहीर केलं, आणि मग मी कोणाचा ते पाहायला तिथंच थांबली. दुसरी नवीन लग्नाची असावी, ती खाली मान घालून डोळे पुसतच आली आणि वर न पाहताच म्हणाली, "मी सांगितलं होतं, सकाळी सकाळी भजी खाऊ नका." मान वर केल्यावर तिनं जी जीभ चावली, ती मला अजून दिसते. तिसरी अंगानं भरलेली, हसतमुख. ती म्हणाली, "आमचे तर आज कामठीला गेले आहेत. पण म्हटलं पाहावं तरी, कोणाचं दुखून राहिलं ते."

"आमच्या त्या नाहीत यांच्यात," मी दारावरच्या बाईला म्हणालो.

"अंदर आणखी हिरवी कोणी उठत नाही. तू बायको संगं आणली होती न नक्की?"

वयस्कर बाईंनी मला ओवा चावायला सांगितला, तिसरीनं हिंग बेंबीला लावायला सांगितला. तेवढ्यात घंटा झाली. तिघी आत पळाल्या आणि माझ्या तोंडावर दार लागलं. इथपर्यंतचा भाग मी घरच्या पंगतीत दरवर्षी सांगतो, आणि पुढचा निम्माच सांगतो. तो आज सबंध लिहितो.

जागेवर आलो. शेजारच्यांनी माझ्यासाठी पाय आवरून घेतले. "वेळेवर आले," ते म्हणाले. "आता मरते."

आणि मेली. मरण्यापूर्वी एक गाणं म्हणाली, तेही तीन कडव्यांचं. मी मनात थट्टा सुरू केली होती, की इतका दम असलेली पोरगी मरते कशी. थट्टेचा आधार बरा असतो. मागे तिकडे काय चाललं असेल हा विचार त्यामुळे जरा लांब राहत होता. पण मग वकिलानं नोकराला बोलावलं आणि पोरीचा लाकडी झुलता घोडा उचलून न्यायला सांगितला. बायकोला दिसू नये म्हणून. बायको दाराआड उभी राहून पाहत होती. वकिलाला ती दिसली नाही. आम्हाला सगळ्यांना दिसली.

आमच्या घरी घोडा नव्हता. पाट होता, छोटासा, कोपऱ्यात पितळी फूल ठोकलेला. मुलगी त्यावर बसून जेवायची आणि दुसऱ्या कोणाला टेकू द्यायची नाही. ती गेल्यावर आठेक दिवसांनी, एका दुपारी, मी तो पाट जुन्या धोतरात गुंडाळून घराबाहेर नेला होता. बायको झोपली आहे अशा समजुतीनं. ती झोपली होती की दाराआड उभी होती, हा प्रश्न सोळा महिन्यांत मला पडलाच नव्हता.

मग माझं जे झालं ते झालं. लोक रडतात तसं मला रडता येत नाही. डोळ्यांतून थोडं, बाकी सगळा कारभार नाकातून. आणि मी नाक शिंकरलं म्हणजे गिरणीचा भोंगा झाला असं समजून आमच्या आळीत लोक जेवायला बसतील. पडद्यावर वकील अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणत होता. तेवढ्यात माझा पहिला भोंगा झाला. पुढच्या रांगेतल्या चार टोप्या मागे वळल्या. मी उपरणं तोंडात कोंबलं, त्यामुळे दुसरा अधिकच जोरात झाला. तिसऱ्याला मागे बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघीतिघी हसल्या. माझं काही थांबेना. शेजारच्या बागाईतदारांनी न बोलता माझा हात ओढला, मूठभर शेंगा त्यात ठेवल्या आणि मूठ मिटवली.

"खा गा," ते म्हणाले. "पह्यल्या वेळेस मीही असाच रडलो."

शेवट स्टेशनावर होता. वकिलाची बायको माहेरी निघालेली, वकील धावत आला, आणि त्यांचं गाणं पुरं होईपर्यंत मेल गाडी शिट्टीही न देता उभी राहिली. दिवे लागले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं.

मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. बायकांचा लोंढा आला. मी हिरवं लुगडं शोधत होतो. पहिली हिरवी गेली. दुसरी मला पाहून पदर पुढे ओढून गेली. तिसरी जाता जाता म्हणाली, "थांबलं का पोट?" मी मान हलवली आणि गर्दीत पाहत राहिलो.

"कोणाला शोधून राहिले?"

बायको माझ्यापुढे हातभर अंतरावर उभी होती. वांगी रंगाच्या लुगड्यात.

टांग्यात ती मागे बसली, मी पुढे. टांगा तलावाच्या काठाला लागला.

"आत धूळ फार होती," मी म्हणालो.

"हो का?"

आणखी थोडा रस्ता गेला. "माझं चुकलं," मी टांगेवाल्याच्या घोड्याकडे पाहत म्हणालो. "मला वाटलं, तीन जावयांचा खेळ आहे. माहीत असतं तर मी तुला इथं आणलं नसतं."

"मला माहीत होतं. शेजारच्या वहिनी मंगळवारी पाहून आल्या. पोरगी कोणतं गाणं म्हणून मरते, तेसुद्धा म्हणून दाखवलं त्यांनी."

"मग काहून आलीस?"

"रडायला," ती म्हणाली. "घरी तुम्ही रडू देता का? डोळ्याला जरा पाणी आलं की हेडक्लार्कची तपकीर काढता."

टांगेवाला घोड्याला हाकायचं विसरून कान देऊन ऐकत होता, आणि घोडा आपल्या मर्जीनं चालला होता.

"आज पोटभर रडायचं ठरवून आले होते मी," ती पुढे म्हणाली. "दोन रुमाल आणले होते. तो घोडा उचलून नेला न त्यानं, तेव्हा मला अगदी भरून आलं. आणि नेमका पुढून भोंगा! एक झाला, दुसरा झाला. मी म्हटलं, हे तर आमच्याकडचं! मग मला हसूच आवरेना."

"ती तू हसलीस पहिल्यांदा?"

"मग कोण? बाजूची बाई रागावली. काहून हसता वं म्हणे, पोरगी मेली न. मी म्हटलं, तिचा बाप रडून राहिला पुढं. आज पहिल्यांदा."

मला पुन्हा उपरण्याची गरज पडली. या वेळी मी ते शक्य तितकं हळू केलं, तरी घोडा दचकला.

"आणि ते पोट तुमचंच होतं का?"

"हो."

"मग मी कशी येणार? ती हिरवीला बोलावत होती. वळून पाहा, हे हिरवं आहे?"

मी वळून पाहिलं. टांग्यात पुढे बसून मागे पाहायचं म्हणजे मान मोडते, पण पाहिलं.

"हिरवं मी आपली पोर गेल्यापासून नेसलेच नाही," ती म्हणाली. "पेटीत तळाशी आहे." मग जरा थांबून, "तो पाट कुठं आहे?"

म्हणजे ती झोपलेली नव्हती.

"कचेरीत," मी म्हणालो. "रेकॉर्डच्या कपाटात, वरच्या फळीवर. कागदांच्या बासनांच्या मागे."

"सोमवारी घेऊन या."

"आणतो."

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं तोंड मिटून बसावं. पण टांग्यात शांतता पसरली आणि माझी जुनी खोड जागी झाली. "काय गं," मी म्हणालो, "ती मेल गाडी सबंध गाणं होईपर्यंत उभी कशी राहिली? आपल्या स्टेशनावर तर..."

"थांबा," ती म्हणाली. "आज मला बोलू द्या."

मी थांबलो. तिची पाठ माझ्या पाठीला लागून होती. ती हसत होती की रडत होती, हे दिसत नव्हतं. पाठ हलत होती एवढं कळत होतं.

"ती पडद्यावरची पोरगी मला बिलकूल पटली नाही," ती म्हणाली. "एवढा ताप, आणि केस कसे विंचरलेले! वर म्हणते काय, आईबाबा, तुम्ही भांडू नका. तापात लेकरू असं शहाण्यासारखं बोलतं का कधी? तुम्ही डॉक्टरांना आणायला गेले होते न, तेव्हा मी आपलीला कुशीत घेऊन पडले होते. तर मला म्हणाली, आई, तिकडे सरक न वं, तू किती गरम आहेस! ताप तिला, आणि गरम म्हणे मी!"